पेटंट कुणाचं, पैसा कुणाचा

शोध लावणारा आणि त्यावर पैसा मिळवणारा एकच असतो, असा आपला एक भाबडा समज आहे. पेटंटचे जुने कज्जे वाचले की तो उतरतो.

केंब्रिजमध्ये सेझार मिल्स्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि न मरणारी कर्कपेशी यांचा संकर केला. एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळू लागले. हेच मोनोक्लोनल प्रतिपिंड. लेख 1975 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये आला. मिल्स्टाइन यांनी आपल्या संस्थेला आधीच कळवलं होतं, पण शोधांचे हक्क सांभाळणाऱ्या ब्रिटिश सरकारी महामंडळाला त्यात लगेच उपयोगाचं काही दिसलं नाही. तोवर लेख छापून झाला होता आणि छापलेल्या गोष्टीवर ब्रिटनमध्ये पेटंट मिळत नाही. मिल्स्टाइन मागेल त्याला पेशी देत राहिले. त्यांच्याकडूनच पेशी घेतलेल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेने 1979 आणि 1980 मध्ये विषाणू व गाठींविरुद्धच्या प्रतिपिंडांवर अमेरिकन पेटंटं मिळवली. मिल्स्टाइन आणि कोलर यांना 1984 चं नोबेल मिळालं, पैसा मात्र इतरांनी केला.

लेसरची गोष्ट याच्या अगदी उलट, आणि मला जास्त गमतीची वाटते. गॉर्डन गूल्ड या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने नोव्हेंबर 1957 मध्ये वहीत लेसरची कल्पना मांडली, नावासकट. ती वही घेऊन तो न्यूयॉर्कमधल्या एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात गेला, कारण दुकानदार नोटरीही होता. शिक्का मिळाला. पण पेटंटसाठी आधी चालतं यंत्र दाखवावं लागतं, असं गूल्डच्या डोक्यात बसलं होतं. अर्ज एप्रिल 1959 मध्ये पडला. लेसरवरच काम करणाऱ्या टाउन्स आणि शॉलो या शास्त्रज्ञांनी जुलै 1958 मध्येच अर्ज केला होता. 1960 च्या मार्चमध्ये त्यांना पेटंट मिळालं.

गूल्ड हटला नाही. वर्षानुवर्षं खटले चालले आणि पहिलं मोठं पेटंट 1977 मध्ये हातात पडलं. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात मुदत मंजुरीपासून 17 वर्षं मोजत. एव्हाना लेसर कारखान्यांत, रुग्णालयांत पोचला होता, त्यामुळे 1960 मध्ये मिळालं असतं त्याहून कितीतरी जास्त स्वामित्वधन या उशिरानेच त्याला मिळवून दिलं. दैवाचाही विनोद म्हणायचा! 1995 पासून ती मुदत अर्जापासून 20 वर्षं झाली, म्हणजे तसा उशीर आता परवडत नाही.

‘विज्ञान सगळ्यांचं, पेटंट कशाला?’ हा प्रश्न मला मान्य आहे, पण ‘नकोच’ हे उत्तर मान्य नाही. आपण सोडलेली जागा रिकामी राहत नाही, दुसरा कुणी कुंपण घालतो. मिल्स्टाइन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे ग्रेग विंटर यांनी प्रतिपिंडं माणसाला सोसतील अशी घडवली. तेव्हा संस्थेने हक्क नोंदवले आणि मिळालेला पैसा संशोधनाकडे वळवला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने असंच करावं: हक्क स्वतःकडे ठेवावा, परवाना स्वस्तात द्यावा.

आपल्याकडे लेख आधी छापला तर पेटंट सहसा हातचं जातं. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला 12 महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज आधी करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर 12 महिने मिळतात. तेव्हा विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांना एवढीच विनंती: विद्यार्थ्याचा लेख नियतकालिकाकडे पाठवण्यापूर्वी हा अर्ज टाका.