सरखेलांना चाचे म्हणणाऱ्यांना

मनोरच्या आणि आसपासच्या प्रेक्षकांनो,



दिवाळीच्या सुट्टीत मुलांसाठी 'ट्रेझर आयलंड' ही दोन भागांची मालिका मोठ्या पडद्यावर दाखवली आणि मग मोठ्या माणसांनी आपापली मतं मांडली. मी मागच्या रांगेत बसून सगळं ऐकलं. तिथे बोलले नाही, कारण आवाज चढला असता आणि समोर मुलं होती. पण तुमचं बोलणं मनाला फार लागलंय, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मालिकेबद्दलची तुमची मतं हुशारीची होती, हे आधी सांगते. २०१२ सालची ही ब्रिटिश मालिका. त्यात एडी इझार्डने केलेला लाँग जॉन सिल्व्हर काहींना फारच मवाळ वाटला. मला तो आवडला, गोड बोलून केसाने गळा कापणारा माणूस असाच असतो. ट्रेलॉनीबद्दलची तक्रार मात्र मला शंभर टक्के पटली. पुस्तकातला भोळा, तोंडाने फटकळ जमीनदार इथे सरळ लोभी खलनायक करून टाकलाय. सिल्व्हरच्या बायकोला आणि कथानायक जिमच्या आईला एवढी जागा कशाला, असंही कोणी विचारलं. स्टीव्हन्सनच्या १८८३ च्या पुस्तकाशी ताडून तुम्ही एकेक प्रसंग तपासत होता. 'मूळ पुस्तकात असं नाही' हे वाक्य त्या संध्याकाळी कितीदा तरी ऐकलं. पुस्तक वाचलेली इतकी माणसं आपल्या भागात आहेत, याचा मला अभिमान वाटत होता.

आणि मग तुमच्यातलेच एक जण म्हणाले, ''आपल्याकडे असं काही नाहीच हो. आपला इतिहास डोंगरातला, घोड्यावरचा. समुद्र आपला नव्हे.'' साऱ्यांनी माना डोलावल्या.

मूळ पुस्तकाचा एवढा बारकाईने अभ्यास केलेल्या माणसांनो, त्याच पुस्तकाचं दहावं आणि अकरावं प्रकरण तुम्ही कसं विसरलात? सिल्व्हर आपल्या पोपटाची थोरवी जिमला सांगतो, त्यात मलबार येतं. गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयच्या जहाजावर चाच्यांनी चढाई केली तेव्हा हा पोपट तिथे होता, असं तो फुशारकीने सांगतो. पुढे सफरचंदाच्या पिंपात लपलेला जिम त्याच्याच तोंडून ऐकतो, की कप्तान इंग्लंड नावाच्या चाच्याने व्हाइसरॉयला लुटल्यावर 'कॅसँड्रा' जहाजाने सगळ्यांना मलबारहून सुखरूप घरी आणलं. पोपट कुठल्या रंगाचा हवा होता यावर तुम्ही वाद घातलात, पण तो पोपट कुठून आला हे एकानेही विचारलं नाही.

स्टीव्हन्सनने हे हवेतून काढलेलं नाही. एप्रिल १७२१ मध्ये गोव्याहून लिस्बनकडे निघालेलं एक पोर्तुगीज जहाज वादळात मोडून आजच्या रियुनियन बेटापाशी दुरुस्तीला थांबलं होतं. त्यावर गोव्याचे मावळते व्हाइसरॉय एरिसेराचे काउंट होते आणि खाली हिरे, रेशीम, कापडाच्या गासड्या भरलेल्या होत्या. जॉन टेलर आणि लेवासूर या चाच्यांनी ते लुटलं. एडवर्ड इंग्लंडला तोवर त्याच्याच खलाशांनी पायउतार केलं होतं, तरी कादंबरीत श्रेय त्याला मिळालंय. ती लूट होती आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मालाची.

आणि पुरलेल्या खजिन्याची ती सगळी भूल पडली कुठून? कप्तान किडने न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर संपत्ती पुरली आणि १७०१ मध्ये लंडनला तो फासावर गेला, तिथून या गोष्टी वाढत गेल्या. त्याची मोठी लूट होती 'केदा मर्चंट' हे जहाज. १६९८ च्या जानेवारीत मलबारजवळ पकडलेलं, बंगालचं रेशीम, मलमल, साखर, अफू घेऊन सुरतेला चाललेलं. आपल्या नाक्यावरून उत्तरेला जाणारा ट्रक ज्या सुरतेला पोचतो, तीच सुरत. त्याआधी १६९५ मध्ये हेन्री एव्हरीने मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' लुटलं. त्यावर यात्रेकरू होते, बायका होत्या. त्यांच्यावर काय गुदरलं आणि अब्रू वाचवायला काहींनी कसा जीव दिला, ते इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवलंय. एव्हरी कधी सापडलाच नाही. समुद्री चाच्यांच्या गोष्टींत तो साहसी वीर झाला. पडद्यावर नाण्यांनी भरलेली पेटी उघडली तेव्हा आपल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना काय ठाऊक! पण तुम्ही तरी एका शब्दाने सांगायला हवं होतं.

आता 'समुद्र आपला नव्हे' याबद्दल. अहो, आपण मनोरला राहतो. भरतीचं पाणी वैतरणेतून आपल्यापर्यंत चढतं आणि एके काळी त्याच पाण्यावरून होड्या इथवर येत, इथलं लाकूड खाली खाडीकडे नेत. त्याच वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला. दरवाजावर मराठी शिलालेख आहे, त्यात बाजीरावांचं नाव आहे. तिकडे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी किल्ल्यांची ओळच लागली आहे. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या तटाखाली सुरुंग लावून मराठे आत घुसले आणि त्या लढाईत मराठी सरदार बाजी भिवराव रेटरेकर पडले. मे महिन्यात वसई घेतली. तारापूर म्हटलं की आपल्याला अणुवीज केंद्र आणि कारखाने आठवतात. त्या किल्ल्यात काय घडलं ते सांगायला एकाही पालकाला सुचू नये?

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण पुढे कोणीतरी दुसऱ्या एका चाचेपटाचा विषय काढला, 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ सालच्या तिसऱ्या भागाचा. जगभरच्या चाच्यांच्या सभेत त्यात एक हिंदी महासागराचा सरदार बसलेला दाखवलाय. त्याचं नाव श्री शंभाजी आंग्रिया. भलंमोठं पागोटं, दाढी, त्याच्या वतीने बोलायला चाकर, आणि शेवटी तो स्वतः तोंड उघडतो तेव्हा बारीक, किनरा आवाज येतो. प्रेक्षकांनी हसावं म्हणून. तुमच्यापैकी एकाने त्या आवाजाची नक्कल केली. सगळे हसले. एक जण कौतुकाने म्हणाले, ''निदान आपल्या माणसाचं नाव तरी घेतलं.''

त्यावर सहावीतल्या एका मुलाने विचारलं, ''म्हणजे आंग्रे चोर होते?'' आणि त्याला उत्तर मिळालं, ''त्या काळी सगळे तसेच असायचे रे.''

हे उत्तर मला सहन होत नाही. संभाजी आंग्रे हे कान्होजी आंग्र्यांचे पुत्र, मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. १७३५ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं 'डर्बी' हे मोठं जहाज पकडलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. आणि कान्होजी? छत्रपती शाहूंनी त्यांचं सरखेलपद मान्य केलं होतं. त्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, शुल्क भरावं, एवढाच त्यांचा कायदा. पोर्तुगीज आपल्या समुद्रात दोनशे वर्षं हेच करत आले, त्यांच्या परवान्याशिवाय निघालेलं जहाज बुडवत आले. इंग्रज स्वतःही परवाने देत. तो मात्र कारभार, आणि कान्होजींनी मागितलं की लूट! १७१७ ला विजयदुर्गावर, १७१८ ला खांदेरीवर, १७२१ ला पोर्तुगिजांना जोडीला घेऊन कुलाब्यावर इंग्रज चालून आले आणि दर वेळी हात हलवत परतले. हरलेल्यांपैकीच एक, क्लेमंट डाउनिंग, त्याने १७३७ मध्ये लंडनला पुस्तक छापलं आणि शीर्षकातच आंग्र्यांना चाचा ठरवलं. तिथपासून हॉलिवूडपर्यंत तोच शिक्का चाललाय.

आंग्र्यांनी जहाजं पकडली, माणसं ओलीस धरली, खंडणी घेतली, हे मी लपवत नाही. त्या काळच्या लढाईत हे सगळेच करत. पण राज्याच्या हुकमाने किनारा राखणारा सरखेल आणि यात्रेकरूंच्या जहाजावर तुटून पडणारा एव्हरी यांना एकाच पंगतीत बसवून 'सगळे तसेच' म्हणणं हा अन्याय आहे. तो परक्यांनी केला तर मी समजू शकते. आपल्या किनाऱ्यावरच्या, आपल्या घरच्या माणसांनी केला, म्हणून घशाशी आवंढा येतो. त्या आरमारात कोळी होते, भंडारी होते. माझं माहेर सातपाटीचं आहे. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी अजून नाखवा आहे, ते मी जाणते.

मालिका दाखवू नका, असं माझं म्हणणं नाही. पुढच्या सुट्टीतही दाखवा, 'ट्रेझर आयलंड' मलाही पुन्हा पाहायची आहे. पण मत मांडायला उभे राहाल तेव्हा दहावं प्रकरण वाचून या. मुलांना अर्नाळ्याला न्या, होडीतून पलीकडे उतरवा, तो शिलालेख त्यांच्याकडून वाचून घ्या. आणि कार्यक्रमाआधी, नाव घेऊन, सगळ्यांसमोर त्या सहावीतल्या मुलाला सांगा की आंग्रे चोर नव्हते. उत्तर तुम्ही सगळ्यांसमोर दिलं होतं, तेव्हा दुरुस्तीही तशीच व्हायला हवी.

आपली,
मनोरची एक प्रेक्षक