पाच पैशांचे तिकीट आणि कायद्याची पोकळी

नोव्हेंबर १९७१ मध्ये केंद्र सरकारने टपालावर पाच पैशांचा जादा कर बसविला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांच्या साहाय्यासाठी तो होता. नवे तिकीट निघेपर्यंत कुटुंबनियोजनाच्या तिकिटांवर निर्वासित-साहाय्याची अक्षरे छापण्यात आली; ते काम नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्येही झाले. देश गरीब होता, युद्ध दारात उभे होते. तरी माणुसकी आणि सुरक्षितता या दोन्ही जबाबदाऱ्या त्याने एकाच वेळी पेलल्या.

आज त्याच नाशिक जिल्ह्यात मालेगावच्या जन्मदाखल्यांवरून उठलेला गदारोळ पाहावा. बांगलादेशी व रोहिंग्यांना खोटे दाखले मिळाल्याचा आरोप झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. खोटा दाखला देणाऱ्याला व घेणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. परंतु एका बाजूने ‘घुसखोर’ म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूने ‘मानवी हक्क’ म्हणायचे, एवढ्यावर चर्चा संपते. जीव वाचविण्यासाठी आलेला कोण आणि घुसखोर कोण, हे कोणत्या कायद्याने ठरवायचे, हा प्रश्न दोघेही टाळतात.

कारण तसा कायदाच नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. २०१५ साली काँग्रेसचे शशी थरूर आणि भाजपचे वरुण गांधी या दोघांनीही आश्रयाविषयी खासगी विधेयके आणली. एकही मंजूर झाले नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने धर्माची कसोटी लावली. परकीयांविषयीच्या २०२५ च्या नव्या कायद्यातही निर्वासिताची व्याख्या नाही. घटनेचे २१ वे कलम परकीयांच्याही जीविताचे रक्षण करते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या खटल्यात बजावले होते.

कायदा नसला की पोलिसांची मर्जी हाच कायदा होतो. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले काही बंगाली मजूर बांगलादेशात ढकलले गेले. ते भारतीय नागरिक निघाल्याने त्यांना परत आणावे लागले. यातून कोणाची सुरक्षितता वाढली?

लाभ मात्र ठेकेदाराचा होतो. कागद नसलेला मजूर बुडालेल्या मजुरीची तक्रार करीत नाही, आणि त्याच्या शेजारी राबणाऱ्या स्थानिक मजुराचाही दर त्यामुळे पडतो.

म्हणून धर्मनिरपेक्ष आश्रय कायदा हवा: प्रत्येक अर्जदाराची नोंद, ठरावीक मुदतीत चौकशी, अपिलाचा हक्क. ज्याची नोंद आहे त्याच्यावर नजरही ठेवता येते. जो भीतीने लपतो, तो पोलिसांनाही सापडत नाही आणि कामगार संघटनेलाही नाही. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे: घोषणा पुरे, विधेयक कुठे आहे?