कवटी कोण उघडणार?

डोक्याला जबर मार बसला की कित्येकदा कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. जखमी माणूस कधी कधी काही काळ शुद्धीवर असतो, बोलतोही. मग गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली विस्फारते आणि वाढत्या दाबाखाली मेंदू निकामी होऊ लागतो. वेळीच कवटी उघडून ते रक्त काढले तर अशी बहुतेक माणसे वाचतात. ही शस्त्रक्रिया नवी नाही, मेंदूच्या शस्त्रक्रियांत सर्वांत अवघडही नाही. तरीही गरीब देशांत माणसे तिच्यावाचून मरतात. कारण अपघाताचा रस्ता आणि शस्त्रक्रियेचे शहर यांत कित्येक तासांचे अंतर असते.

टांझानियात २००६ साली सुमारे चार कोटी लोकसंख्येसाठी मेंदूचे अवघे तीन शल्यविशारद होते. त्या सुमारास अमेरिकेतून हायडम या दुर्गम गावच्या इस्पितळात आलेले डॉ. डिलन एलेगला यांनी एका शेतकऱ्याकडून झाडे कापायची करवत विकत घेऊन रुग्णाची कवटी उघडली व त्याचे प्राण वाचविले. परंतु त्याहून मोलाचे काम त्यांनी पुढे केले. इमॅन्युएल मायेगा या साहाय्यक वैद्यकीय अधिकाऱ्याला, वैद्यकीय महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या माणसाला, त्यांनी ही विद्या शिकविली आणि मायेगांनी ती इतरांना दिली. पाहुणा परतला तरी विद्या गावात राहिली.

गरिबांच्या माथी दुय्यम वैद्य मारण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. आक्षेपामागील भीती खोटी नाही; सरकारे अशा तात्पुरत्या व्यवस्थेला कायमची काटकसर बनवितात. पण त्या जखमींपुढे निष्णात तज्ज्ञाचा पर्यायच नव्हता. शिकविलेला हात अथवा मृत्यू, एवढेच त्यांच्यापुढे होते.

भारतात २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. शिरस्त्राणाची सक्ती हवीच. त्याबरोबर प्रत्येक जिल्हा रुग्णालयात अहोरात्र चालणारे सीटी स्कॅन यंत्र, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि ही शस्त्रक्रिया शिकलेला सामान्य शल्यचिकित्सक हवा. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे: रात्री दोन वाजता डोके फुटलेला मजूर आला, तर त्याची कवटी कोण उघडणार? उत्तर ‘पुढे न्या’ असे मिळाले, तर मोर्चा कोठे न्यायचा हे वेगळे सांगावे लागू नये.