भीड

नोकरीच्या शोधात निघालेल्या बुजऱ्या विद्यार्थ्यासाठी मराठीत ‘मुखदुर्बळ’ हा नेमका शब्द आहे. ज्याला उत्तर ठाऊक असते, पण ऐनवेळी ते ओठांवर येत नाही, तो मुखदुर्बळ. या दुर्बळतेच्या मुळाशी भीड असते. भीड म्हणजे संकोच, आणि एखाद्याचा शब्द समोरच्याला मोडवत नाही असे जे त्याचे वजन असते, तीही भीडच. (हिंदीतली भीड, म्हणजे गर्दी, दादरच्या पुलावर हवी तेवढी मिळते, तिचा येथे उपयोग नाही.) म्हणीने ‘भिकेची बहीण’ ठरवली ती पहिली भीड, गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील कित्येक पिढ्यांची रोजीरोटी मात्र दुसरीवर चालली.

कोकणातून वा घाटावरून गिरणगावात उतरणाऱ्या तरुणाला स्वतःविषयी फारसे बोलावे लागत नसे, कारण त्याच्या वतीने बोलणारा कोणी ना कोणी आधीच येथे असे. ‘गावाची खोली’, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी वर्गणी काढून चाळीत चालवलेली सामाईक जागा, त्याच्या ट्रंकेला कोपरा देई. खानावळवाली पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घाली. आणि गाववाला त्याला जॉबरपुढे, म्हणजे आपल्या खात्यात माणसे भरणाऱ्या मुकादमापुढे, उभा करी. गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरता घेतला जाई तो ‘बदली’, आणि अशा बदलीला गिरणीच्या फाटकाशी ताटकळून पुष्कळदा हात हलवीत परतावे लागे; परंतु तो परते ते अशा खोलीत, जिथल्या बहुतेकांनी ते फाटक तसेच पाहिलेले असे, त्यामुळे काय झाले हे कोणी विचारीत नसे. धोबीतलावच्या जेर महालातील गोवेकरांचे क्लब, ज्यांना कोकणीत ‘कूड’ म्हणतात, ते याच व्यवस्थेचे भावंड. जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत गावच्या माणसाने तेथे राहावे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला बसावे, अशी तेथील रीत. या साऱ्यात खानावळवाल्यांची दखल सर्वांत उशिरा घेतली गेली. प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले ते १९७५ मध्ये.

या आठवणींनी दिवाळी अंकांचा सूर सहज हळवा होतो, आणि नेमके तेच टाळले पाहिजे. जॉबरची भीड फुकट पडत नसे. त्याची दस्तुरी, म्हणजे नोकरीपोटी द्यावी लागणारी चिरीमिरी, ठरलेली असे. शिवाय ज्याचा गाववाला आत नाही, त्याला हेच दार भिंत होई. विणकाम खात्यात मजुरी बरी मिळे, पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात शिरकावच नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. एकाची भीड दुसऱ्याचा अटकाव ठरते, हे तेथे उघड दिसले.

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथे मुलाखतीला जाणाऱ्या पदवीधराला जॉबर लागत नाही, हे बरेच झाले. पण ‘स्वतःविषयी सांगा’ हा पहिलाच प्रश्न त्याची परीक्षा पाहतो, कारण आपली भीड आपणच घालावी, असे त्याच्या घरात कोणी कधी केलेले नसते. दोन मुलाखतींच्या मधला वेळ तो वाचनालयात काढतो. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेचा हा एक उपयोग कोणत्याही अहवालात नोंदला जात नसावा: जेथे शांतता हाच नियम, तेथे मुखदुर्बळ माणूस उठून दिसत नाही. रात्री आईचा फोन येतो, तेव्हा ‘बरी झाली’ एवढेच तो सांगतो.

यंदाच्या अंकातील एक विभाग गावाच्या खोल्यांना दिला आहे. त्या खोल्यांच्या वर्गणीच्या वह्या, हजेरीचे कागद, खानावळींची बिले गिरगाव, परळ, लालबागच्या घरांत अजूनही माळ्यावर असतील. सणाच्या साफसफाईत ती रद्दीत जाऊ नयेत. वाचकांनी ती जपून ठेवावीत आणि अंकाच्या पत्त्यावर कळवावे.