नाव सांगा, गाव सांगा!

"मॅडम, तुम्ही जन्मलात एका शहरात आणि राहता दुसऱ्याच शहरात?"

सकाळी साडेनऊला, हातात पोह्यांची बशी असताना मुंबईच्या व्हिसा एजंटनं हा बॉम्ब टाकला. पासपोर्टवर जन्मस्थळ औरंगाबाद, आधारवर पत्ता पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर. अहो दादा, शहर एकच आहे हो! पण ऑनलाइन फॉर्मला हे कोण सांगणार? कंपनी मला सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवतेय. सोमवारपर्यंत कागद गेले नाहीत तर माझ्या सीटवर दुसरं कुणीतरी बसणार, बस्स!

गंमत म्हणजे हाच एजंट पुढे म्हणतो, "ओरिजिनल्स घेऊन या, व्हीटीला उतरा." व्हीटी? राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १८८७ मध्ये दिलेलं ते नाव. १९९६ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी टर्मिनस आलं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' जोडलं गेलं. आणि व्हीटीच्याही आधी तिथे बोरीबंदर होतंच की! १६ एप्रिल १८५३ ची पहिली रेल्वे तिथूनच ठाण्याला निघाली होती.

मुंबईत साहेबांच्या पाट्या अजून उतरतायत. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. जुलै २०२४ मध्ये विधिमंडळानं करी रोडला लालबाग, सँडहर्स्ट रोडला डोंगरी, मरीन लाइन्सला मुंबादेवी अशी नावं द्यायचा ठराव केला. पण तिकडचं गणित तसं सोपं. १९९५ मध्ये बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं, तेव्हा आपल्या आज्यांना नवीन काही शिकावंच लागलं नाही. त्या आधीपासून मुंबईच म्हणत होत्या!

आपलं तसं नाही. इथे थेट इंग्रजांचं राज्य कधी नव्हतंच, निजामाचं होतं. साहेबाची आठवण म्हणजे छावणी. आणि नावं बदलणं तर या शहराच्या अंगवळणीच पडलंय. १६१० मध्ये मलिक अंबरनं वसवलेली खडकी, त्याच्या मुलाच्या काळात फतेहनगर, १६५३ मध्ये औरंगाबाद, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राच्या मंजुरीनंतर छत्रपती संभाजीनगर. रेल्वे स्टेशनची पाटी बदलली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये.

माझं टेन्शन बघून बाबांनी ट्रंकेतून आजोबांचा शाळेचा दाखला काढला. "तू दोन नावांनाच घाबरलीस? तुझे आजोबा एकाच वाड्यात राहून तीन राज्यांत जगले. आधी हैदराबाद, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र!" दाखला उर्दूत. घरात कुणालाच वाचता येईना. फोटो काढून टीम लीडला पाठवला. तिची शाळा उर्दू माध्यमाची. दहा मिनिटांत व्हॉइस नोट आली, आजोबांचं नाव, इयत्ता, गाव सगळं वाचून दाखवलेलं. बाबांनी ती तीनदा ऐकली. डोळे पुसले, आणि "धूळ गेली" म्हणाले.

आता ही टीम लीड कायम औरंगाबाद म्हणते, मी संभाजीनगर. यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलंय. दोन दिवस डबे वेगळ्या टेबलांवर! तिच्यासाठी ते तिच्या लहानपणाचं नाव, माझ्यासाठी माझ्या राजाचं. कुणीच माघार घेतली नाही, अजूनही नाही. पण शुक्रवारी कंपनीचं पत्र तिनंच टाइप केलं. ही दोन्ही नावं एकाच शहराची आहेत, असं लिहून खाली सही केली. सोबत राजपत्राची कॉपी जोडली. एजंट म्हणाला, "हां, आता चालेल."

तेव्हा फ्रेंड्स, तुमच्याही कागदांवर दोन नावं असतील तर राजपत्राची पीडीएफ आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. आयत्या वेळी धावाधाव नको. आणि ज्याच्याशी नावावरून वाजलंय, त्याच्याशी डबा शेअर करणं तेवढं सोडू नका.

त्या संध्याकाळी थकून रिक्षात बसले. म्हटलं, "पुंडलिकनगर." रिक्षावाल्यानं मीटर टाकलं. कुठल्या शहरातलं, असं काही त्यानं विचारलं नाही!