अकरा महिने किंवा एक रात्र

पुण्यात एका महिन्यासाठी घर मागून बघा. एका रात्रीसाठी हॉटेल मिळतं, अकरा महिन्यांसाठी फ्लॅट मिळतो. मधल्या मुदतीचं नाव काढलं की एजंट ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि पुन्हा फोन उचलत नाही. त्याच्या बाजूनं त्याचंही बरोबर आहे. अकरा महिन्यांच्या करारावर त्याला साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून सुटतं. महिनाभराच्या मुक्कामावर तो काय घेणार? आणि या शहरात तर महिना, तीन महिने, सहा महिने राहायला येणाऱ्यांची रीघ आहे. चाकणला नवी मशिनरी बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर, रांजणगावला आलेला कोरियन मॅनेजर, बंगळुरूहून खराडीला बदली झालेली आणि मुलांच्या शाळेचं नक्की होईपर्यंत घर घ्यायला न धजावणारी टीम लीड. ही मंडळी जिथे उतरतात त्याला सर्व्हिस अपार्टमेंट म्हणतात. विमाननगर, कल्याणीनगर, कोरेगाव पार्क, खराडी, बाणेर, हिंजवडी. जिथे आयटी पार्क किंवा विमानतळ जवळ, तिथे हा धंदा जोरात.

माझं म्हणणं एवढंच आहे की या अपार्टमेंटच्या बिलात टॉवेल, मायक्रोवेव्ह आणि सकाळचे पोहे यांचे पैसे थोडे असतात. मोठा हिस्सा आपल्या संशयाचा असतो. नेहमीच्या मार्गानं घर घेणाऱ्याला आपण काय काय विचारतो ते आठवा. लग्न झालंय का, नॉनव्हेज करता का, मित्र येतील का, आईवडील कधी येणार, कंपनीचं पत्र कुठाय. मग दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, सोसायटीचा फॉर्म, सेक्रेटरींची मुलाखत. त्यानंतर गॅस, इंटरनेट, गाद्या, आणि कामाला येणाऱ्या मावशींची मनधरणी. सर्व्हिस अपार्टमेंटवाला यातलं सगळं स्वतःच्या अंगावर घेतो आणि पाहुण्याच्या हातात फक्त किल्ली देतो. कंपनीला जीएसटीचं बिल मिळतं, पाहुण्याला कुणी जात विचारत नाही. त्याची किंमत तो लावणारच.

हा संशय आपल्या रक्तातच आहे, असं मात्र नाही. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलं आणि नाटक-सिनेमाच्या मंडळींचं ते पुण्यातलं हक्काचं ठिकाण झालं. नाटकवाल्यांना बिऱ्हाड द्यायला लोक का-कू करत, त्या काळातली ही गोष्ट. पुढे १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम आला आणि गल्ल्यागल्ल्यांतल्या बंगल्यांमधल्या खोल्या, आउटहाऊस, गच्चीवरच्या शेड महिन्याच्या हिशेबानं परदेशी संन्याशांना दिल्या जाऊ लागल्या. भगव्या झग्यांना नाकं मुरडणाऱ्या शहरानं त्यांचं भाडं मात्र नीट मोजून घेतलं. १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीत अय्यंगार गुरुजींची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. तिथे महिनाभराच्या वर्गासाठी देशोदेशीचे शिष्य येऊ लागले आणि आसपासच्या घरांतून त्यांना खोल्या मिळू लागल्या; खोलीत एक पलंग, एक शेगडी, बाथरूमचा गीझर कधी लावायचा याच्या सूचना. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजमार्फत मराठी शिकायला येणारे विद्यार्थी तर पुणेकरांच्या घरातच राहत आले, आणि वरणभातासोबत व्याकरणाच्या चुकाही ऐकून घेत आले. महिन्याचा पाहुणा पुण्याला नवा नाही. तो ओळखीतून येत होता, इतकंच.

ओळखीबाहेरच्या माणसाला घर द्यायची भीती कायद्यानं घातली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडेकरूला एवढं संरक्षण दिलं की मालकांनी ‘भाडं’ हा शब्दच टाळून लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली. मग १९७३ मध्ये सरकारनं तीही वाट अडवली. त्या वर्षी १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरूचा दर्जा मिळाला. आजोबांच्या तोंडून ‘घर दिलं की गेलं’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकाची बाजू बरीच भक्कम झाली. मुदत संपून लायसन्सधारक हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्क मागता येतं. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. ही नोंदणी महाराष्ट्रात कितीही मुदतीच्या कराराला लागते. म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिने, ही देशभरची युक्ती इथे पंचवीस वर्षं निरुपयोगी आहे. तरी आपण अकराच लिहितो. भीती कायद्यात उरली नाही, सवयीत उरली.

याच कायद्यात एक कलम आहे ज्यावर हा सगळा धंदा उभा राहू शकतो. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल एक कोटी किंवा त्याहून अधिक आहे अशा कंपन्यांना दिलेल्या जागांना हा कायदा लागूच होत नाही. ‘कंपनी लीज’ हा शब्द ऐकला की मालकाचा चेहरा उजळतो तो यामुळे. त्यात मालक परदेशी असेल तर दुधात साखर. बाणेरचा टू बीएचके न्यू जर्सीतल्या मुलानं घेतलेला, आईवडील कोथरूड सोडायला तयार नाहीत, फ्लॅटला कुलूप. साध्या भाडेकरूला द्यावा तर अनिवासी मालकाच्या भाड्यावर त्यानं ३० टक्के अधिक सेस एवढा टीडीएस कापायचा, त्यासाठी टॅन नंबर काढायचा. कोणता भाडेकरू करील? सर्व्हिस अपार्टमेंटचा ऑपरेटर करतो. तो पाच-सहा मालकांचे फ्लॅट महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर उचलतो, सगळीकडे सारखे पडदे लावतो, एक केअरटेकर आणि दोन मावशी ठेवतो. न्यू जर्सीतला मालक स्वतः तिकडे पहिल्या नोकरीत कंपनीच्या अशाच अपार्टमेंटमध्ये उतरलेला असतो, त्यामुळे त्याला ही पद्धत नवी नसते.

गडबड होते ती यापुढे. ऑपरेटरची कंपनी अनेकदा एक कोटीवाली नसतेच. मालकाशी त्याचा करार असतो तो राहण्यासाठीच्या लिव्ह अँड लायसन्सचा, आणि पाहुण्याच्या हातात असतं बुकिंगचं व्हाउचर. हा पाहुणा कायद्यानं कोण? करखात्यालाही ठरवता आलेलं नाही. माणसानं स्वतः राहायला फ्लॅट भाड्यानं घेतला तर जीएसटी शून्य. तोच फ्लॅट जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीनं आपल्या माणसासाठी घेतला तर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के, तोही कंपनीनंच भरायचा. आणि तोच फ्लॅट हॉटेलच्या खोलीसारखा रोजाच्या दरानं, साडेसात हजारांच्या आत विकला तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. तीच भिंत, तोच गीझर, तीन कर.

सोसायट्या चिडतात ते याच जागी, आणि त्यांच्या चिडण्यात सगळा कूपमंडूकपणा आहे असं मी म्हणणार नाही. लिफ्टमध्ये दर आठवड्याला नवा चेहरा, गेटवर रात्री दोनला विमानतळावरून आलेली कॅब, उन्हाळ्यात टँकरचा खर्च मात्र सगळ्यांच्यात वाटलेला. सोसायटीला बिगरवहिवाट शुल्क घेता येतं ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. १ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयानं ती मर्यादा घातली. मालक फ्लॅटमधून हॉटेलाएवढं कमावणार आणि सोसायटीला मिळणार काही शे रुपये, हा हिशेब कमिटीला टोचतो. पण मग कमिटी काय करते? ‘बाहेरच्यांना’ बंदी असा ठराव करते. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, सगळे ज्याला अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. तो कुणी भरला हे कमिटीनं विचारलं पाहिजे. ते न विचारता गेटवर शॉर्ट्स घालून आलेल्या माणसाला हटकलं जातं.

संशय बाहेरच्या देशांतही आहे; जर्मनीत तो कमी नाही. हिंजवडीतून श्टुटगार्टला ऑनसाइट गेलेल्या पोराला कंपनीच्या अपार्टमेंटची मुदत संपली की कळतं, भाड्याच्या रिकाम्या घरात ओटा आणि सिंकसुद्धा नसू शकतं, आणि पगाराचे कागद दिल्याशिवाय कुणी दार उघडत नाही. पण राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, मालकानं तसं लेखी द्यायचं, की तो त्या गावचा रहिवासी. सिंगापूरनं तर रेषाच आखून ठेवली आहे. खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीला देता येत नाही, सर्व्हिस अपार्टमेंटला किमान सात दिवस, त्याखाली हॉटेल. एवढं लांब कशाला, गोव्यात पर्यटकांना घर द्यायचं तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते. पळवाटा तिथेही आहेत, पण निदान तक्रार कुठे करायची हे शेजाऱ्याला माहीत असतं.

पुणे महापालिकेनं असा एक रकाना उघडावा: सात दिवस ते सहा महिने. त्यात फ्लॅटची नोंद, चोवीस तास उत्तर देणाऱ्या केअरटेकरचा नंबर, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटेची तपासणी, आणि वापराच्या प्रमाणात सोसायटीला पाणी-लिफ्टचा खर्च. याबदल्यात सोसायटीनं नोंदणी झालेल्या फ्लॅटला अडवायचं नाही. ऑपरेटर कुरकुरतील, भाव थोडे वाढतील. वाढू देत, कंपन्या भरतात.

मात्र हा रकाना कंपनीच्या पाहुण्यांपुरता ठेवायचा असेल तर उघडूच नये. कारण महिन्याच्या हिशेबानं राहणारे सगळ्यात जास्त लोक कल्याणीनगरात नाहीत, सदाशिव आणि नारायण पेठेत आहेत. लातूर, नांदेड, सोलापूरहून एमपीएससीच्या तयारीला आलेली मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात, एका खोलीत चार कॉट, जेवण मेसचं, अभ्यास अभ्यासिकेत, करार बहुतेकांकडे नाहीच. माणशी महिना वीस हजारांपर्यंत आणि सलग नव्वद दिवसांच्या मुक्कामाला केंद्रानं १५ जुलै २०२४ पासून जीएसटी माफ केला, तेव्हा दिल्लीला तरी हे राहणं दिसलं. पालिकेला ते अजून खोलीत चार गाद्या एवढंच दिसतं. जर्मन इंजिनिअरच्या फ्लॅटला जिन्याची आणि वायरिंगची जी तपासणी लावायची, तीच या वाड्यांना लावायला पाहिजे, आणि क्रम लावायचाच झाला तर पेठांपासून सुरुवात करायला पाहिजे. तिथले जिने लाकडी आहेत.