जंतू सापडला, पण तो आला कुठून?

1993च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या औषध दुकानांत जुलाबावरच्या गोळ्या मिळेनाशा झाल्या. शाळांमध्ये मुले नव्हती, शिक्षक नव्हते, इस्पितळांतले कर्मचारीही आजारी पडून घरी होते. 7 एप्रिलला पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला, तोपर्यंत उशीर झालेला होता. पुढे अंदाज बांधला गेला तो सुमारे 4 लाख 3 हजार रुग्णांचा. एचआयव्हीबाधितांसारखे ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली होती, त्यांच्यापैकी अनेकजण दगावले. शहराच्या दोन जलशुद्धीकरण केंद्रांपैकी दक्षिणेकडच्या केंद्रातून गढूळ पाणी बाहेर पडत होते आणि त्यातून ‘क्रिप्टोस्पोरिडियम’ नावाचा परजीवी घरोघरच्या नळाला पोहोचला होता.

हा परजीवी मोठा चिवट. आकाराने मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा, आणि भोवती असे कवच की पिण्याच्या पाण्यात टाकतात तेवढ्या क्लोरीनने त्याचे काही बिघडत नाही. तो अडतो तो गाळणीत, नाहीतर मरतो उकळी फुटल्यावर. आपल्याकडे गावात गॅस्ट्रोची साथ आली की पहिला प्रश्न असतो, ‘टीसीएल टाकली होती का?’ मग ओटी टेस्ट होते, पाण्याला पिवळा रंग आला की सगळे निश्चिंत होतात. कॉलऱ्यासारख्या जिवाणूंपुरता तो दिलासा खरा आहे. क्रिप्टोस्पोरिडियमला त्या पिवळ्या रंगाशी काही देणेघेणे नाही.

मिलवॉकीत जंतू सापडला, पाण्याचा मार्गही कळला. राहिला प्रश्न असा, की ज्या मिशिगन सरोवरातून पाणी उचलले जाते त्यात तो आला कुठून? संशयित तीन होते: नद्यांकाठी चरणारी गुरे, कत्तलखाने आणि माणसांचे सांडपाणी. बर्फ वितळून आणि पावसाने नद्या फुगलेल्या होत्या, काठावर गोठे होते. संशयाची सुई गुरांकडे वळणे स्वाभाविक होते. सूक्ष्मदर्शकाखाली बघून निवाडा करणे शक्य नव्हते, कारण वासराच्या पोटातला आणि माणसाच्या पोटातला क्रिप्टोस्पोरिडियम दिसायला अगदी सारखेच.

फरक आहे तो जनुकांत. काही वर्षांनी जनुकीय तपासणी हाताशी आली तेव्हा त्या साथीचे हाती उरलेले मोजके नमुने तपासले गेले. त्यांत मिळाला तो माणसांत पसरणारा प्रकार. याच प्रकाराला 2002 मध्ये ‘क्रिप्टोस्पोरिडियम होमिनिस’ असे स्वतंत्र प्रजातीचे नाव मिळाले. म्हणजे बोट माणसांच्या मैलापाण्याकडे होते. नमुने थोडे होते, त्यामुळे गुरांची शंभर टक्के निर्दोष मुक्तता झाली असे कुणी म्हणू नये. पण हा फरक केवळ अभ्यासकांच्या वादाचा नाही. दोष गोठ्यांचा असेल तर नदीकाठाला कुंपण घालायचे, मैलापाण्याचा असेल तर गटारांवर पैसा ओतायचा. चुकीच्या निदानावर खर्च केला तर पुढच्या पावसाळ्यात साथ पुन्हा दारात.

याच्या उलटे उदाहरण इंग्लंडमधले. 2008च्या जूनमध्ये नॉर्थॅम्प्टन परिसरातल्या सुमारे अडीच लाख लोकांना पाणी उकळून पिण्यास सांगण्यात आले. पिट्सफर्डच्या शुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम मिळाला होता. शोध घेता घेता तिथल्या एका टाकीत मेलेला ससा सापडला. त्याच्या आतड्यातल्या, पाण्यातल्या आणि रुग्णांच्या शौचातल्या परजीवीची जनुकीय ओळख जुळली. सशांमधला हा प्रकार माणसाला आजारी पाडतो, हे तोवर कुणी गृहीत धरलेले नव्हते. रुग्ण जेमतेम वीस-बावीस राहिले. एका सशाने एवढी धावपळ करायला लावली, हे वाचून हसू येईल. पण तो ससा हाती लागला नसता आणि परजीवीची ओळख पटली नसती, तर आळ कुणावर गेला असता, कोण सांगणार?

ही ओळख पटवतात कशी? परजीवीच्या डीएनएत काही ठिकाणी तीन-तीन अक्षरांचे तुकडे माळेतल्या मण्यांसारखे पुन्हा पुन्हा येतात. एका कुळात ते दहा वेळा, दुसऱ्यात अठरा वेळा. हे मणी मोजले की कूळ आणि उपप्रकार सांगता येतो. अर्थात ही काही आधार कार्डासारखी प्रत्येकाची वेगळी ओळख नव्हे. स्वीडनमध्ये 2010च्या नोव्हेंबरात ऑस्टरसुंद शहरात सुमारे 27 हजार लोक आजारी पडले, पुढच्या वर्षी शेलेफ्तिओ शहरात साथ आली, आणि दोन्हीकडे उपप्रकार एकच निघाला. पण तो उपप्रकार युरोपभर सर्रास आढळणारा. नुसता जुळला म्हणून एका साथीने दुसरीला जन्म दिला असे म्हणता येत नाही. रुग्ण कुठे राहतात, कधी आजारी पडले, काय प्यायले, ही पायपीट प्रयोगशाळा वाचवू शकत नाही. जनुकांनी मुख्य फायदा होतो तो संशयितांची यादी छोटी करण्यात.

आपल्याकडे ही यादी छोटी करायची सवयच लागलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा पाणी की कोंबडी यावर शहरभर चर्चा झडली. काही रुग्णांत सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर परजीवी नव्हे, जिवाणू आहे. प्रश्न मात्र तोच, आला कुठून? खेड्यापाड्यांतल्या साथींत तर इतकीही चर्चा होत नाही. फुटलेली पाइपलाइन, लग्नातले जेवण, पाणीपुरीवाला, टँकर यांपैकी जो समोर दिसेल त्याच्या माथी दोष मारून फाइल बंद होते. शौच तपासणीच्या नेहमीच्या पद्धतीत क्रिप्टोस्पोरिडियम सहसा दिसतही नाही; त्यासाठी वेगळे रंजक वापरावे लागते आणि ते मुद्दाम सांगावे लागते. हा जंतू आपल्याकडे दुर्मीळ आहे म्हणावे, तर तसेही नाही. कोलकात्यासह आशिया-आफ्रिकेतल्या सात ठिकाणी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तान्ह्या मुलांच्या गंभीर अतिसाराच्या प्रमुख कारणांत तो होता. वेल्लोरच्या मुलांमध्येही बहुतांश वेळा माणसांत पसरणारा प्रकारच मिळाला आहे. तिथे गोठ्याकडे बोट दाखवून भागणार नाही.

यंत्रे नाहीत, ही सबब कोविडनंतर टिकत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरची सोय झाली. प्रजाती कोणती एवढे ओळखायला संपूर्ण जनुकक्रम वाचावा लागत नाही, पीसीआरच्या पुढची एखादी पायरी पुरते. अडते ते अगदी साध्या ठिकाणी. रुग्णाच्या शौचाचा नमुना जिवाणूंसाठी तपासला जातो आणि टाकून दिला जातो. ठेवलाच, तर बऱ्याचदा फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनने परजीवी बघण्यासाठी शाबूत राहतो, पण त्याच्या डीएनएची वाट लागते. तोच नमुना अल्कोहोलमध्ये किंवा नुसता गोठवून ठेवला तर महिन्यांनंतरही त्याची ओळख पटवता येते. जुलाबाच्या प्रत्येक साथीत दहा रुग्णांचे नमुने आणि त्यासोबत त्याच दिवशीचे विहिरीचे, टाकीचे, शेवटच्या नळाचे पाणी घ्यावे. मात्र परजीवीसाठी ते बाटलीभर पुरत नाही, दहा लिटर तरी गाळावे लागते. नमुने जिल्हा रुग्णालयाच्या फ्रीझरमध्ये वर्षभर ठेवावेत आणि डब्यावर गाव, तारीख लिहावी. राज्याच्या आरोग्य खात्याने यासाठी एक परिपत्रक काढले तरी पुरे, आणि ते पावसाळ्याच्या आत काढता येईल.